तेलाला शीग नसते

दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानाच्या पायरीवर तेलाचे डबे रचलेले असतात. त्यांत दोन जातींचे डबे असतात आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. एकावर १५ किलो लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५ लिटर. दुसरा जरा स्वस्त असतो. आपण नुसतं ‘पंधराचा डबा द्या’ म्हणतो, आणि दीडशे रुपये वाचले म्हणून खुशीत घरी येतो.

हिशेब करून बघू या. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. एक लिटर पाणी एक किलो भरतं. एक लिटर शेंगतेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. सूर्यफूल, करडई, तीळ, सोयाबीन यांचंही थोड्याफार फरकानं तेच. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅम. किलोच्या डब्यापेक्षा १ किलो ३५० ग्रॅम कमी. समजा किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि लिटरचा २,२५० ला. पहिल्यात किलोला १६० रुपये पडले, दुसऱ्यात जवळजवळ १६५. स्वस्त डबा महाग निघाला. डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, त्यामुळं कायद्यानं कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. पण एक आकडा लांबून दिसतो आणि दुसरा चष्मा घालून शोधावा लागतो.

हा प्रश्न पाकिटं आल्यावर निर्माण झाला असं मला बरीच वर्षं वाटायचं. तो फार जुना आहे आणि आपल्या घरातल्या ग्रंथांतच तो मांडून ठेवलेला आहे, हे वाचत गेल्यावर कळलं.

दशलक्षण पर्वात बस्तीत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणं, मग ‘हीनाधिकमानोन्मान’, आणि शेवटी भेसळ. चौथा शब्द उच्चारायला अवघड, म्हणून प्रवचनात बहुतेक वेळा ‘खोटी वजनमापं वापरू नयेत’ एवढं सांगून पुढं जातात. इथं थांबायला हवं. उमास्वामींनी एक शब्द वापरला नाही, दोन वापरले: मान आणि उन्मान. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा खुलासा केलाय. प्रस्थासारखं भरून मोजायचं ते मान, तराजूनं तोलायचं ते उन्मान. दुसऱ्याला द्यायचं ते लहान मापानं आणि स्वतः घ्यायचं ते मोठ्या मापानं, असा कपट-व्यवहार म्हणजे हा अतिचार. आजच्या भाषेत मान म्हणजे लिटर आणि उन्मान म्हणजे किलो. आणि तेल ही घरातली अशी वस्तू आहे की ती दोन्हीकडं जाते. गूळ कुणी लिटरनं मागत नाही, दूध सहसा कुणी किलोनं मागत नाही. तेल मात्र दोन्हीनं मिळतं, आणि जिथं एक वस्तू दोन रीतींनी मोजली जाते तिथं मधल्या फटीत हात घालायला जागा राहते.

श्वेतांबर आगमांत अनुयोगद्वार सूत्र आहे. आम्ही दिगंबर घरातल्या बायका त्याच्या वाट्याला सहसा जात नाही, पण मापांच्या इतिहासासाठी ते वाचावंच असं आहे. त्यात मोजण्याचे प्रकार फार बारकाईनं वेगळे केलेत. अगरु, तगर, केशर, खांड, गूळ या वस्तू उन्मानात, म्हणजे तोलायच्या. धान्य मानात. आणि पातळ पदार्थ, ज्यांना तिथं ‘रस’ म्हटलंय, तेही मानात. पण धान्याच्या मापानं नाहीत. रसाचं माप धान्याच्या मापापेक्षा एक चतुर्थांशानं मोठं धरायचं, असं तिथं सांगितलंय. का? तर धान्याला शिखा असते आणि रसाला नसते.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या खळ्यावरचं मोजमाप डोळ्यांसमोर आलं. आपल्याकडं जोंधळा मोजताना मापाच्या वर जो निमुळता ढीग राहतो त्याला आपण शीग म्हणतो. ‘शिगोशीग भरून दिलं’ म्हणजे कंजूषपणा केला नाही. ही शीग म्हणजे तीच शिखा. जोंधळ्याचं माप भरताना ती उभी राहते. तेलाचं भरताना काठाशी आलं की संपलं, वर एक थेंब ओताल तर बाहेर सांडेल. म्हणजे एकाच भांड्यानं जोंधळा आणि तेल मोजलं, तर जोंधळा घेणाऱ्याला शीग मिळाली आणि तेल घेणारा तेवढ्यानं बुडाला. म्हणून त्या सूत्रकारांनी रसाच्या मापाची शिखा आत घेतली. वर ढीग येत नाही तर भांडंच सव्वापट करा! दोन घेणाऱ्यांत अन्याय होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज आहे, आणि ती ज्यांनी घर-संसार सोडला अशा मुनींनी जपलेल्या ग्रंथात यावी याचं मला कौतुक वाटतं. त्यांना ना तेल विकायचं होतं ना घ्यायचं.

आणखी एक गोष्ट त्याच ठिकाणी आहे. या रसाच्या मापांची किंमत वजनात दिलीय. सगळ्यांत मोठी माणी, ती २५६ पलांची. अर्धी माणी १२८ पलांची. मग चौथा भाग ६४, आठवा ३२, सोळावा १६, बत्तिसावा ८, आणि शेवटी चौसष्टावा भाग ४ पलांचा. पल हे वजन आहे. म्हणजे भांडं भरून मोजायचं, पण त्या भांड्यात किती ‘वजन’ मावतं ते ठरलेलं. लिटरचं किलोत रूपांतर करण्याचा हा आपल्याकडचा जुना दाखला म्हणायला हरकत नाही. फक्त कुठल्या रसाचं वजन, पाण्याचं की तुपाचं की तेलाचं, हा प्रश्न माझ्यासारखीच्या डोक्यात येतोच.

नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत: जमिनीची, काळाची, धान्याची, सोन्याची, चांदीची, इतर धातूंची. धान्याचं कोष्टक चौपटीनं चढतं. चार कुडव म्हणजे प्रस्थ, चार प्रस्थ म्हणजे आढक, चार आढक म्हणजे द्रोण. ही गणितं राजपुत्रांपेक्षा वाण्या-व्यापाऱ्यांच्या पोरांना जास्त उपयोगी पडली असणार, असं माझं आपलं मत.

कोष्टक ग्रंथात राहतं, माप बाजारात. तिथं माप कुणाचं, हा खरा प्रश्न. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळात त्याचा मंत्री बीचिराज यानं बांधलेली. त्या काळच्या कानडी मुलखातल्या लेखांत देवाच्या दिव्यासाठी दर घाण्यामागं इतकं इतकं तेल, असं दान पुन्हा पुन्हा येतं. तेलाचं माप तिथं ‘सोलगे’. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, शके ११२८ मध्ये, इथून बरंच उत्तरेला चाळीसगावजवळच्या पाटण इथं एक लेख कोरला गेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा हा लेख. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो गणला जातो. गावात जितके घाणे चालतील, तितक्यांमागं एकेक पळी तेल मठाला द्यावं, असं त्यात आहे. पळी! आपण आजही आमटीला फोडणी द्यायला जी हातात घेतो, तीच.

त्याच लेखात आणखी लिहिलंय की इथं जे काही मोजायचं ते मठाच्या मापानं मोजावं, आणि मोजण्याबद्दलची जी आकारणी येईल तिच्यातली अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला. याचा अर्थ मोजमाप हे उत्पन्नाचंही साधन होतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की माप एकाच ठिकाणी ठेवलेलं होतं. तेल्याचं माप वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं, असा वाद झाला तर मठात जाऊन ताडून बघता येत होतं. वजनमाप कार्यालयातला शिक्का आज जे काम करतो ते तेव्हा मठ करत होता.

पुढच्या काही शतकांत मात्र सगळा गोंधळच आहे. शेर गावागणिक वेगळा. कच्चा शेर, पक्का शेर. मुंबईचा मण २८ रत्तलांचा, मद्रासचा २५ रत्तलांचा, आणि बंगालकडचा ८२ रत्तलांहून जास्त. १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तोळा १८० ग्रेनचा ठरवला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. हा पक्का शेर म्हणजे आजच्या हिशेबानं ९३३ ग्रॅम. सरकारी कचेरीत तो चालला, पण खेड्यातल्या बाजारात आपापले शेर चालूच राहिले.

मधेच १८७१ मध्ये एक गंमत झाली. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना कायदा झाला, की हिंदुस्थानचा ‘शेर’ म्हणजे फ्रेंच किलोग्रॅमच समजावा. आणि भरून मोजायचं माप म्हणजे असा एक शेर पाणी ज्यात मावेल ते. म्हणजे नाव आपलं, आत किलो आणि लिटर. पुढच्याच वर्षी मेयोंचा अंदमानात खून झाला आणि तो कायदा कागदावरच राहिला. पण त्यातली ‘एक शेर पाणी’ ही कल्पना मला महत्त्वाची वाटते. फ्रान्समध्ये १७९५ मध्ये किलो आणि लिटर जन्मले तेव्हाही त्यांची गाठ पाण्यानंच बांधली होती. ‘लिटर म्हणजे किलोच की’ हा आपल्या सगळ्यांच्या मनातला समज आला तो तिथून. पाण्यापुरता तो खरा आहे, दुधाला जवळजवळ चालतो. तेलाला लावला की शंभरातले नऊ गेले.

माझी आजी, आईची आई, निपाणीकडची. तिच्या हातच्या पदार्थांची एक वही आहे, कडा तेलानं पारदर्शक झालेली. तीत चकलीची नोंद आहे: भाजणी चार शेर, मोहनाला तेल पावशेर. माझ्या भावजयीनं एकदा विचारलं, ‘वन्सं, शेर म्हणजे किती ग्रॅम?’ तिला मी सांगितलं, कुठला शेर ते आधी ठरव. भाजणीचा शेर भरायचा आहे. मापटं, शेर, पायली या मालिकेतला. चार शेर म्हणजे एक पायली. तेलाचा पावशेर तोलायचा आहे, छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर या मालिकेतला. एकाच ओळीत एकच शब्द दोनदा, एकदा मान आणि एकदा उन्मान. आजीला ते वहीत लिहायची गरज वाटली नाही, कारण तिच्या काळात ते शेजारणीलाही ठाऊक होतं. नातीला ठाऊक नसेल हे तिला कसं सुचावं?

आजीच्या गावी तेल घाण्यावरून तोलूनच यायचं. पितळी किटली न्यायची. तेली आधी रिकाम्या किटलीचा धडा करायचा, म्हणजे दुसऱ्या पारड्यात खडे टाकून किटलीचं वजन बरोबर करून घ्यायचा, मग शेर ठेवून तेल ओतायचा. धडा करताना आजी खड्यांकडं डोळे लावून असायची, असं आई सांगते. बाजारातल्या दुकानात एवढा वेळ कुणाला? तिथं पत्र्याची मापं आली, उभ्या दांड्याची, टोकाला आकडा. ही मापं वजनावरूनच कापलेली असत: पावशेर तेल तोलून ओतायचं, ते जिथवर चढेल तिथं पत्रा कापायचा. शेंगतेलाला ते बरोबर. त्याच मापानं एरंडेल दिलं तर दुकानदाराचं जातं, कारण एरंडेल जड, लिटरला साडेनऊशे ग्रॅमच्या पुढं. मग दुकानदार एरंडेलाला दुसरं माप ठेवत. शेंगतेल त्या लहान मापानं मोजलं की गिऱ्हाइकाचं गेलं. मापाला खालून पोचा आणला की बुड आत जातं आणि तेल कमी मावतं. उंचावरून ओतलं की फेस येतो, आणि फेसालाच शीग समजून आपण समाधान मानतो. हे सगळे प्रकार ‘हीनाधिक’ या एका शब्दात बसतात.

आमच्या भागावर पन्नासच्या दशकात बदलांची रांगच लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दुखण्यात आज शिरत नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. वजनमापांचा कायदा १९५६ मध्येच झाला होता. त्याप्रमाणं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि १९६२ च्या एप्रिलपासून देशभर वजनाला तोच सक्तीचा झाला. आण्याचे पैसे, शेराचे किलो आणि मधे राज्यच बदललेलं! त्या पाच-सहा वर्षांत बाजारहाट करणाऱ्या बायकांनी तोंडी किती गणितं केली असतील, त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

तेलाची त्यात एक वेगळीच मौज होती. ती मला पदार्थांची वही आजच्या मापात उतरवताना सापडली. पक्का शेर ९३३ ग्रॅम. एवढं शेंगतेल भांड्यात ओतलं तर किती जागा घेतं? ९३३ ला ०.९१ नं भागा: १,०२५ मिलिलिटर. म्हणजे वजनाचा एक शेर तेल आणि एक लिटर तेल, दोन्ही जवळजवळ एकच! शेराचा किलो केला तर ६७ ग्रॅम जास्त येतात, म्हणून भावही शेकडा सात वाढायला हवा. शेराचा लिटर केला तर भाव तोच ठेवून चालतं, गिऱ्हाइकाचं फक्त चमचा-दीड चमचा जातं. त्यामुळं जुन्या वहीतल्या तेलाच्या शेराला ‘एक लिटर’ लिहायला काहीच हरकत नाही; ‘एक किलो’ लिहिलंत तर चकली तेलकट व्हायला सुरुवात होईल. मी वहीच्या नव्या प्रतीत पावशेराला अडीचशे मिलिलिटर लिहिलंय. पण याच जवळिकीमुळं घोटाळाही झाला. शेराच्या जागी कुणाच्या तोंडी लिटर बसला, कुणाच्या किलो, आणि दोन्ही ‘नवा शेर’ म्हणूनच बसले. माझी सासू शेवटपर्यंत लिटरच्या मापाला ‘किलोचं माप’ म्हणत होती.

पाकिटं आली त्यामागं एक वाईट घटना आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. अंगावर सूज, दम; साठावर माणसं गेली. सूत्रातला पाचवा अतिचार, भेसळीचा, इतका उघडा क्वचितच दिसतो. त्याच वर्षी खाद्यतेल बांधून विकण्याचा आदेश केंद्र सरकारनं काढला. भेसळीला त्यानं आळा बसला असेल, पण मोजणं मात्र आपल्या नजरेआड गेलं. धडा करताना खड्यांकडं बघत बसायची सोय राहिली नाही; छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणं एवढंच उरलं.

आणि त्या आकड्यात एक नवी गोष्ट शिरली, ऊन. तेल तापलं की फुगतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंच दिलेले आकडे आहेत: सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही कंपन्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘६० अंशांना’ असं छापून लिटर मोकळ्या होत होत्या. साठ अंशांचं तेल कुणाच्या फडताळात असतं हो? ते घरी येऊन थंड झालं की ९७० मिलिलिटरच्या आसपास उरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये खात्यानं कंपन्यांना कळवलं की तापमान छापू नका, लिटर आणि ग्रॅम दोन्ही खरे लिहा. दुरुस्तीला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. अनुयोगद्वारकारांनी शिखा भांड्याच्या आत घेतली ती घेणाऱ्याचं बुडू नये म्हणून. इथं तेलाला आधणाची शीग आणली, ती उलट कारणासाठी.

त्याच २०२२ मध्ये दुसरंही झालं. ठरावीक आकाराचीच पाकिटं करायची सक्ती गेली, आणि बदल्यात दर ग्रॅममागं किंवा दर मिलिलिटरमागं किंमत छापणं आलं. म्हणून तर हल्ली ८०० ग्रॅम, ८५० ग्रॅमची पाकिटं दिसतात, हातात घेतल्यावर लिटरच्या पाकिटासारखीच वाटणारी. ती बारीक छापलेली एकक-किंमत बघावी, पण एका पाकिटावर ती ग्रॅमची आणि दुसऱ्यावर मिलिलिटरची असेल तर आधी एका भाषेत आणावी. तोंडी करायची रीत सोपी आहे. लिटरचे किलो करताना शेकडा नऊ वजा करायचे. किलोचे लिटर करताना दहावा हिस्सा वाढवायचा. पाच लिटरचे साडेचार किलो आणि वर ५० ग्रॅम. पाव किलोचे २७५ मिलिलिटर. एक मोठा चमचा, १५ मिलिलिटरचा, साडेतेरा ग्रॅम. तुपालाही हेच चालतं, मात्र ते वितळलेलं हवं.

आमच्या महिला मंडळाकडं पर्वातल्या जेवणांची कोठी असते. चार वर्षांमागं एका व्यापाऱ्याकडून दहा डबे मागवले. बिलावर ‘१५ किलो × १०’. कोठी सांभाळणाऱ्या आक्का जुन्या वळणाच्या, त्यांनी एक डबा उचलून काट्यावर ठेवायला लावला, मग रिकाम्या डब्याचा धडा केला. तेल साडेतेरा किलोच्या वर थोडं. सगळे डबे लिटरचे होते. दहा डब्यांत साडेतेरा किलो कमी, म्हणजे जवळजवळ एक अख्खा डबाच गेला होता. व्यापारी म्हणाला, ‘बाई, सगळे असंच लिहितात.’ आक्का त्याला काही बोलल्या नाहीत. अकरावा डबा येईपर्यंत बिलावर सही केली नाही, एवढंच.

तेव्हापासून मंडळात दानाच्या पावतीवर ‘तेल, डबा एक’ असं लिहिणं बंद झालं. नंदादीपाला आलेलं तेल असो की कोठीला, काट्यावर चढवायचं आणि किलोत लिहायचं. गेल्या वर्षी एका बाईंनी लाकडी घाण्याच्या तेलाच्या लिटर-लिटरच्या पाच बाटल्या आणल्या. पावतीवर ४ किलो ५५० ग्रॅम बघून त्यांचा चेहरा उतरला. ‘मी पाच दिलेत,’ त्या म्हणाल्या. तसलीच एक रिकामी बाटली पाण्यानं भरली आणि ती काट्याच्या एका पारड्यात, तेलाची दुसऱ्यात ठेवली. पाण्याचं पारडं खाली गेलं. त्यांनी बाटल्यांची अदलाबदल करून पुन्हा ठेवायला लावलं; पुन्हा तेच. मग पावती परत पुढं केली आणि म्हणाल्या, ‘बरं, पण शेजारी लिटरही लिहा की.’ लिहिलं.